रहदारी कोणाच्या दारात?

ऑक्टोबर 2015 मध्ये ईशान्य लंडनमधल्या वॉल्थमस्टो व्हिलेजमध्ये एका रस्त्याचं उद्घाटन होतं. रस्ता नवा नव्हता. ऑर्फर्ड रोड तिथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पालिकेने फक्त तो सकाळी दहा ते रात्री दहा मोटारींना बंद केला होता. बस, सायकली आणि पायी चालणारे, एवढ्यांनाच मुभा. उद्घाटनाला पाहुणे आले तसे विरोधकही आले, आणि येताना एक शवपेटी घेऊन आले. गिऱ्हाईक गाडीने येतं, गाडी बंद म्हणजे दुकानदारी मेली, गावपण मेलं, असा त्यांचा दावा होता.

तो दावा काही खरा ठरला नाही. त्या रस्त्यावर आज कॅफेंची टेबलं बाहेर मांडलेली असतात आणि बसायला जागा मिळवावी लागते. मात्र शवपेटीवाल्यांची दुसरी तक्रार इतक्या सहजासहजी निकालात निघाली नाही. इथून हाकललेल्या मोटारी हवेत विरघळणार नाहीत, त्या कोणाच्या तरी दारावरून जाणारच, तर कोणाच्या? गल्ल्या बंद करण्याच्या लंडनच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात सगळी भांडणं शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबलेली दिसतात. रस्त्यावर मुलं मरू नयेत याबद्दल दुमत कोणाचंच नव्हतं.

मोटारीने पादचाऱ्याचा जीव घेण्याची ब्रिटनमधली पहिली नोंद लंडनचीच आहे. 17 ऑगस्ट 1896 ला क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही 44 वर्षांची बाई प्रात्यक्षिकासाठी फिरवल्या जाणाऱ्या मोटारीखाली सापडली. चौकशीत निकाल लागला, अपघाती मृत्यू. यंत्रावर चालणाऱ्या गाड्यांना 1865 च्या कायद्याने शहरात ताशी दोन मैल आणि बाहेर चार मैल एवढाच वेग ठरवून दिला होता, आणि पुढे एका माणसाने चालायचं होतं. 1896 च्या नोव्हेंबरात ही बंधनं उठली आणि मर्यादा 14 मैलांवर गेली. 1903 मध्ये 20. 1930 मध्ये मोटारींवरची मर्यादा सरकारने साफ काढूनच टाकली. कोणी पाळत नाही तर ठेवायची कशाला, असा रोकडा युक्तिवाद त्यामागे होता.

त्याची किंमत चार वर्षांत कळली. 1934 साली ब्रिटनच्या रस्त्यांवर 7,343 माणसं मेली. तेव्हा देशात वाहनं होती जेमतेम 24 लाख. तुलनेसाठी, 2019 मध्ये जवळपास चार कोटी वाहनं असताना मृत्यू होते 1,752. म्हणजे 1934 मध्ये गाड्या थोड्या होत्या, पण सुटल्या होत्या बेफाम. त्याच वर्षी लेस्ली होर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले. रस्ता ओलांडायच्या जागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आणि त्यांच्या डोक्यावर नारिंगी गोळे त्यांनी बसवले. लंडनच्या पोरांनी दगडांचा नेम धरून त्यातले पुष्कळ फोडले. मार्च 1935 पासून वस्तीच्या भागात ताशी 30 मैलांची मर्यादा परत आली आणि त्याच वर्षी नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली.

मरणाऱ्यांत मुलं बरीच असत आणि बहुतेक ती घरासमोरच खेळत असत. याचं कारण घरांच्या रचनेत होतं. कामगारवस्तीतली घरं एकमेकांना खांदे लावून उभी, खाली दोन खोल्या, वर दोन, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं फरसबंद आवार. बाग लांब. त्यामुळे चेंडू, दोरीच्या उड्या, गोट्या, सगळं रस्त्यावर. आणि रस्त्यावर खेळणं हा गुन्हा होता. पोलीस पोरांना धरून न्यायालयात उभं करत आणि आईबापांना दंड भरावा लागे.

मँचेस्टरला चिकटलेल्या सॅलफर्ड या गिरणगावच्या पोलिसांनी 1930 च्या आसपास यावर वेगळा तोडगा काढला. पोरांना रस्त्यावरून हाकलायच्या ऐवजी त्यांनी काही गल्ल्यांतून गाड्या हाकलल्या. कल्पना त्यांची स्वतःची नव्हती. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 1914 मध्येच दाट वस्तीतले काही रस्ते ठरावीक वेळी मुलांसाठी मोकळे करायला सुरुवात केली होती. सॅलफर्डचा अनुभव चांगला आला आणि 1938 मध्ये पार्लमेंटने रस्त्यांवरच्या खेळजागांचा स्वतंत्र कायदाच केला. गल्लीच्या तोंडाशी पाटी लागे: खेळाचा रस्ता, सकाळी आठपासून सूर्यास्तापर्यंत वाहनांना बंद, फक्त इथे काम असणाऱ्यांनी आत यावं. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंड आणि वेल्समध्ये असे सातशेच्या वर रस्ते होते.

या पाट्या आपोआप लागल्या नाहीत. युद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत ब्रिटनच्या किती तरी शहरांत आया बाबागाड्या घेऊन रस्त्याच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी रहदारी अडवली. मागणी साधी असे: शाळेसमोर झेब्रा क्रॉसिंग द्या, सिग्नल द्या, किंवा हा रस्ता बंद करा. अनेकदा हे आंदोलन एखादं मूल दगावल्यानंतरच्या आठवड्यात होई. बायका सकाळी मुलांना शाळेत सोडून येत, तासभर रस्ता अडवत, पोलीस समजूत घालत, आणि दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा येत. रस्ता बंद करण्याची चळवळ म्हटली की आज सायकलवाले डोळ्यांसमोर येतात. तिच्या मुळाशी या बायका आहेत.

खेळाच्या रस्त्यांचा शेवट मात्र कोणी मोर्चा काढून केला नाही. पाटीवरच्या शेवटच्या ओळीनेच तो केला. इथे काम असणाऱ्यांनी यावं, असं ती म्हणत होती. आणि इथे राहणाऱ्यांनीच हळूहळू मोटारी घेतल्या. दोन्ही कडांना गाड्या उभ्या राहू लागल्यावर क्रिकेटसाठी रस्त्यात उरलं काय? पाट्या गंजत राहिल्या, काही अजूनही भिंतींवर आहेत.

दरम्यान गल्ली बंद करण्याचं शास्त्र तयार होत होतं आणि त्याचा पहिला सूत्रकार नगररचनाकार नव्हता, पोलीस अधिकारी होता. सर हर्बर्ट ॲल्कर ट्रिप हे स्कॉटलंड यार्डमध्ये वाहतूक सांभाळणारे सहायक आयुक्त. अपघातांचे कागद वाचून वाचून त्यांच्या लक्षात आलं की चालकांना आणि पादचाऱ्यांना कितीही उपदेश केला तरी आकडे हलत नाहीत, कारण दोष रस्त्यांच्या मांडणीत आहे. 1942 च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की लांबच्या वाहतुकीसाठी मोजके हमरस्ते ठेवावेत, आणि त्यांच्या मधल्या वस्त्या अशा बंदिस्त कराव्यात की आत ज्याचं काम आहे तोच शिरेल. पुढच्याच वर्षी आलेल्या लंडनच्या विकास आराखड्यात पॅट्रिक ॲबरक्रॉम्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना उचलली. युद्ध चालू होतं, बॉम्बने निम्मी अर्धी आळी पडलेली. नकाशावर काहीही काढता येईल असे ते दिवस होते.

1963 मध्ये या विचाराला त्याचा सर्वांत प्रसिद्ध लेखक मिळाला. कॉलिन ब्यूकॅनन यांचा जन्म 1907 चा, सिमल्याचा. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांच्या सांगण्यावरून त्यांनी शहरांतल्या रहदारीवर जो अहवाल लिहिला तो सरकारी कागद असूनही पेंग्विनने संक्षिप्त करून स्वस्त पुस्तक म्हणून काढला आणि लोकांनी तो विकत घेऊन वाचला. इमारतीत जशा खोल्या आणि व्हरांडे असतात तसंच शहरातही हवं, असं त्यांचं म्हणणं. खोलीतून खोलीत जाणारा माणूस तिसऱ्याच्या बिछान्यावरून चालत जात नाही. वस्त्या म्हणजे खोल्या, हमरस्ते म्हणजे व्हरांडे. आरपार जाणाऱ्या वाहनांना वस्तीत मज्जाव, आणि किती रहदारी सोसवेल हे वस्तीने ठरवायचं, गाड्यांच्या संख्येने नाही.

मार्पल्स यांच्याबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी: हे वाहतूकमंत्री रस्ते बांधणाऱ्या एका मोठ्या कंपनीचे संस्थापक भागीदार होते, आणि मंत्री झाल्यावर त्यांच्या समभागांवरून पार्लमेंटमध्ये बराच गदारोळ झाला होता. ब्यूकॅनन यांचा हेतू कितीही स्वच्छ असला, तरी त्यांच्या औषधाचे डोस दोन होते. एक, वस्त्या बंद करा. दोन, बाहेर पडलेली वाहतूक सामावेल एवढे मोठे हमरस्ते बांधा. दुसरा डोस पहिल्याच्या किती तरी पट महाग होता आणि तो कोणाच्या घरावरून जाणार हे अहवालात नीटसं दिसत नव्हतं.

ते दिसलं 28 जुलै 1970 ला. त्या दिवशी पश्चिम लंडनमधला वेस्टवे हा उन्नत मार्ग खुला झाला. उद्घाटनाला तरुण राज्यमंत्री मायकेल हेझल्टाइन आले होते. ॲकलम रोडवरच्या घरांच्या वरच्या मजल्यांच्या खिडक्यांपासून काही हातांवर नवा रस्ता गेला होता, आणि त्या घरांवर रहिवाशांनी मोठाले फलक लावले होते: आम्हाला या नरकातून बाहेर काढा, दुसरीकडे घरं द्या. झोपण्याच्या खोलीत दिवे लावायची गरज नव्हती, गाड्यांचे हेडलाइट होते. अशा मार्गांची वर्तुळंच्या वर्तुळं लंडनभोवती आणि लंडनमधून जायची होती. त्याच वर्षीच्या ग्रेटर लंडन कौन्सिलच्या निवडणुकीत ‘आधी घरं, मग रस्ते’ अशा नावाचा पक्ष उभा राहिला. जागा एकही मिळाली नाही, पण मतं लाखाच्या घरात पडली. हे मोठ्या पक्षांनी मुकाट्याने टिपून ठेवलं. 1973 मध्ये लेबर पक्ष कौन्सिलवर निवडून आला आणि त्याने ती सगळी योजना गुंडाळली.

फार बरं झालं. ॲकलम रोडसारख्या हजारो खिडक्या वाचल्या. पण त्यामुळे ब्यूकॅनन यांचं निम्मंच औषध शहराच्या हाती राहिलं. वस्त्या बंद करता येत होत्या, व्हरांडे मात्र नव्हते. लंडनमध्ये हमरस्ता म्हणून ओळखले जाणारे बहुतेक रस्ते मुळात बाजारपेठा आहेत. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, समोर बसथांबा, कोपऱ्यावर शाळा. होलोवे रोड घ्या किंवा ली ब्रिज रोड घ्या. गल्लीतून काढलेली गाडी याच खिडक्यांखाली येऊन उभी राहणार होती.

त्याची पहिली चुणूक बार्न्सबरीत मिळाली.

इझलिंग्टनमधला हा भाग म्हणजे एकोणिसाव्या शतकातले देखणे चौक आणि सलग इमारतींच्या रांगा. 1950 च्या दशकात त्यांची रया गेली होती. एकेका घरात चार-पाच भाडेकरू कुटुंबं, सामाईक नळ, गळकी छपरं. 1960 च्या सुमारास वास्तुविशारद, पत्रकार, प्राध्यापक अशा मंडळींना या घरांचं सौंदर्य आणि किंमत दोन्ही एकदमच लक्षात आलं. त्यांनी घरं घेतली, डागडुजी केली, आणि जुने भाडेकरू एकेक करून निघाले. समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी 1964 मध्ये लंडनच्या कामगारवस्त्यांची ही अदलाबदल प्रथम नेमकी टिपली, तेव्हा इझलिंग्टन त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. त्याच वर्षी नव्या रहिवाशांनी आपला संघ काढला, बार्न्सबरी असोसिएशन.

या संघाचा वकूब किती होता हे बघायचं तर गिब्सन स्क्वेअरच्या बागेत जावं. तिथे विटांचं एक टुमदार, बिनखिडक्यांचं, अभिजात शैलीतलं देऊळ आहे. आत देव नाही. ते भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया मार्गाचं धुराडं आहे, हवा खेळती ठेवायला बांधलेलं. रेल्वेला तिथे काँक्रीटचा मनोरा उभारायचा होता. रहिवाशांनी असा काही गहजब केला की शेवटी रेमंड एरिथ आणि क्विनलन टेरी या पारंपरिक शैलीच्या वास्तुविशारदांकडून मंदिराचं रूप करून घ्यावं लागलं. 1970 च्या सुमाराची ही गोष्ट. लंडनमध्ये दुसऱ्या किती वस्त्यांना धुराड्याचं देऊळ करून मिळालं असतं?

याच माणसांनी वस्तीतून आरपार जाणाऱ्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. कॅलिडोनियन रोडवरून अप्पर स्ट्रीटकडे निघालेले लॉरीवाले चौकांमधून शॉर्टकट मारत. संघाने मोजणी केली, नकाशे काढले, मंत्रालयापर्यंत ओळखी वापरल्या. 1970 मध्ये प्रायोगिक योजना सुरू झाली: कुठे रस्त्याचं तोंड बंद, कुठे एकेरी वाहतूक, कुठे वळायला मनाई. आत शांतता आली. आणि मग ज्या रस्त्यांवरून गाड्या वळवल्या होत्या तिथले लोक उठले. तिथे भाडेकरू होते, पालिकेच्या चाळवजा इमारती होत्या, लहान दुकानं होती. त्यांनी आपला वेगळा संघ काढला आणि विचारलं की देखण्या चौकांच्या झोपेसाठी आमच्या पोरांनी लॉऱ्यांखाली का यायचं. योजना बदलली, पुन्हा बदलली, पण बंद केलेली बरीच तोंडं बंदच राहिली.

बार्न्सबरीच्या नव्या मंडळींना निव्वळ स्वार्थी म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धसत्य होईल. त्यांच्याही मुलांना रस्ता ओलांडायचा होता. आणि त्यांच्या जागी कोण असतं तरी आपल्या ओळखी वापरल्याच असत्या. खटकतं ते हे की त्या काळी रस्ता बंद व्हायला अपघातांची संख्या पुरेशी नव्हती. अर्ज नीट लिहिता येणारा, मंत्रालयात कोणाला फोन करायचा हे माहीत असणारा शेजारी लागत असे. आज त्या वस्तीतून फिरणाऱ्याला ते जुने अडथळे दिसतसुद्धा नाहीत. मध्ये झाडं वाढलीत. टोनी ब्लेअर 1997 मध्ये पंतप्रधान होईपर्यंत इथल्याच रिचमंड क्रेसेंटवर राहत होते.

पुढची चाळीस वर्षं पटकन सांगून टाकता येतील. 1980 च्या दशकात गतिरोधक आले, 1991 पासून ताशी 20 मैलांचे विभाग. या विभागांचा हिशेब नंतर लंडनच्याच संशोधकांनी केला: 1986 ते 2006 या वीस वर्षांत अशा विभागांत जखमींची संख्या सुमारे 42 टक्क्यांनी घटली होती. गतिरोधकांवरून कुरबुर झाली, पण शहर पेटलं नाही. कारण त्यांनी गाडी हळू केली, दुसऱ्याच्या दारात ढकलली नाही.

मग मोबाइल आला आणि त्यात रस्ता दाखवणारी ॲप. पूर्वी वस्तीतला शॉर्टकट त्या भागातल्या टॅक्सीवाल्यांना आणि जुन्या लॉरीवाल्यांना माहीत असे. आता तो आयुष्यात पहिल्यांदा तिथे आलेल्यालाही कळू लागला. हमरस्ता तुंबला की ॲप गल्ली दाखवणार, आणि गल्लीतल्या लोकांना कळणार नाही की आज अचानक ही रांग कुठून आली.

2014 मध्ये लंडनच्या महापौरांनी शहराच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या तीन बरोंना, म्हणजे स्थानिक पालिकांना, हॉलंडच्या धर्तीवर रस्ते बदलायला पैसे दिले. वॉल्थम फॉरेस्ट त्यातला एक. ऑर्फर्ड रोड आणि ती शवपेटी याच योजनेतली. पण तिथे निदान काही काळ चर्चा झाली होती. मे 2020 मध्ये कोविडची पहिली लाट ओसरत असताना सरकारने देशभरासाठी 25 कोटी पौंडांचा तातडीचा निधी जाहीर केला. बसमध्ये गर्दी नको, तर चालायला आणि सायकलीला जागा द्या, आणि ती काही आठवड्यांत द्या. पालिकांनी कपाटातून प्रायोगिक आदेशाचं हत्यार काढलं. या आदेशात रस्ता आधी बंद करता येतो आणि हरकती-सूचना नंतर घेता येतात. पहिले सहा महिने हरकतींचे, अठरा महिन्यांच्या आत कायम करायचं की काढायचं याचा निर्णय.

म्हणजे एका सकाळी लोक उठले आणि गल्लीच्या तोंडाशी लाकडी पेट्यांमध्ये लव्हेंडर लावलेलं. काही ठिकाणी पेट्यांऐवजी नंबरप्लेट टिपणारा कॅमेरा, आणि पंधरवड्याने टपालाने 130 पौंडांची पावती, चौदा दिवसांत भरली तर निम्मी. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या बायका, नळदुरुस्तीवाले, अपंग मुलाला शाळेत सोडणारे पालक, यांचा रोजचा रस्ता लांबला. ज्यांना घरून काम करता येत होतं त्यांना मात्र खिडकीतून पक्षी ऐकू येऊ लागले. दोघांचंही म्हणणं खरं होतं.

ईलिंग या लंडनच्या बरोत सप्टेंबर 2020 मध्ये टाऊन हॉलसमोर मोठा मोर्चा निघाला. रात्री कुंड्या उलथल्या जाऊ लागल्या, खांब उपटले गेले, ते परत बसवू नयेत म्हणून खड्ड्यांत तेल ओतलं गेलं. वॉन्ड्सवर्थ पालिकेने त्याच महिन्यात सगळे अडथळे काढून टाकले. ईलिंगमध्ये 2021 च्या मे महिन्यात पालिकेचं नेतृत्व बदललं आणि उन्हाळ्यात बहुतेक योजना रद्द झाल्या.

त्या डिसेंबरात, म्हणजे 2020 च्या, दक्षिण लंडनमधल्या एका न्यायालयीन चौकशीचा निकाल लागला. लुइशममध्ये साउथ सर्क्युलर या हमरस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची मुलगी 2013 मध्ये दम्याने गेली होती. तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद झाली; ब्रिटनमध्ये असं प्रथमच घडलं. कुंड्यांच्या भांडणाशी या चौकशीचा थेट संबंध नव्हता, तरी दोन्ही बाजूंनी तिचा आधार घेतला. एक म्हणत, बघा, म्हणून मोटारी कमी करायला हव्यात. दुसरे म्हणत, बघा, म्हणून हमरस्त्यावर आणखी एकही गाडी नको.

आकडे काय सांगतात? मार्च ते सप्टेंबर 2020 मध्ये बंद केलेल्या लंडनमधल्या 72 वस्त्यांचा अभ्यास झाला. बाकीच्या लंडनच्या तुलनेत आतल्या रस्त्यांवर जखमींचं प्रमाण निम्म्यावर आलं, आणि कडेच्या रस्त्यांवर अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. वॉल्थम फॉरेस्टमध्ये अग्निशमन गाड्या पोहोचायला उशीर झाल्याचंही आढळलं नाही, जी भीती विरोधकांच्या पत्रकांवर सर्वांत वर असे. पुढे 46 योजनांची वाहनमोजणी एकत्र केली तेव्हा आत गाड्या बऱ्याच घटल्या होत्या आणि कडेच्या रस्त्यांवरची सरासरी वाढ एका टक्क्याहूनही कमी निघाली. थोड्या गाड्या खरोखरच नाहीशा झाल्या. जवळच्या कामाला माणसं चालत जाऊ लागली.

हे पुरावे भक्कम आहेत आणि कुंड्यांच्या बाजूने आहेत, हे मान्य करायलाच हवं. तरी सरासरीत कोणीच राहत नाही. 46 ठिकाणांपैकी काही कडेच्या रस्त्यांवर गाड्या घटल्या, काहींवर चांगल्याच वाढल्या, आणि ज्याच्या खिडकीखाली त्या वाढल्या त्याला दुसऱ्या बरोमधल्या घटीचं सुख नाही.

जुलै 2023 मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी मोटारवाल्यांची बाजू घेत या योजनांची तपासणी जाहीर केली. निवडणूक जवळ येत होती. 2024 च्या मार्चमध्ये तिचे निष्कर्ष बाहेर आले ते सरकारला फारसे सोयीचे नव्हते: नमुना म्हणून घेतलेल्या चार वस्त्यांत पाठिंबा देणारे विरोध करणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक होते. आणि निम्म्याहून अधिक लोकांना आपण अशा बंद केलेल्या वस्तीत राहतो हेच ठाऊक नव्हतं.

न्यायालयांचं दार 2020 पासूनच ठोठावलं जात होतं. टॅक्सीवाल्यांनी महापौरांच्या धोरणाविरुद्ध जानेवारी 2021 मध्ये खटला जिंकला आणि जुलैत अपिलात हरले. रहिवाशांचे खटले एकामागून एक पडत गेले, कारण न्यायाधीशांचं म्हणणं ठरलेलं असे: रस्ता बंद करणं शहाणपणाचं आहे की नाही हे आम्ही ठरवत नाही, पालिकेने कायद्याची पायरी चुकवली का एवढंच पाहतो.

मे 2025 मध्ये याच कसोटीवर एक पालिका अडकली. दक्षिण लंडनमधल्या लॅम्बेथने वेस्ट डल्विचमध्ये योजना आणली होती. तिथल्या रहिवाशांनी आसपासच्या रस्त्यांवर काय परिणाम होईल याचं पन्नासहून अधिक पानांचं टिपण तयार करून पालिकेला दिलं होतं: कुठे बस अडकेल, कुठे धूर वाढेल, कोणत्या रस्त्यावर आधीच किती गाड्या आहेत. निर्णय घेताना पालिकेने ते टिपण विचारात घेतलंच नाही, असं उच्च न्यायालयाने म्हटलं आणि आदेश बेकायदा ठरवला. लॅम्बेथने अडथळे काढले. वेस्ट डल्विच ही वस्ती सुखवस्तू आहे. पन्नास पानांचं टिपण लिहायला आणि उच्च न्यायालयात वकील उभा करायला पैसा आणि सवड दोन्ही लागतात.